पोपटी वॅगनमधला पाटा

तमाम संबंधितांस, आणि विशेषतः डॉक्टरकाका, पूर्वी राहणार प्लेनो, टेक्सास, सध्याचा पत्ता अनुपलब्ध, यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, खाली सही करणाऱ्याने इंजिनावर उजवा हात ठेवून घेतलेली शपथ मोडलेली नाही. गेल्या शनिवारी ती थोडी वाकली. वाकताना साक्षीदार हजर होते आणि त्यातल्या एकाला बेंबीपर्यंत पांढरी दाढी आहे. सदर प्रकरणाची संपूर्ण हकिकत पुढे देत आहे. हरकत असल्यास ती सात दिवसांच्या आत, लेखी, तुमच्या त्या अगम्य डॉक्टरी अक्षरात नोंदवावी.

काका, घाबरू नका. गाडीला ओरखडासुद्धा नाही.

तुम्हाला जाऊन सव्वीस दिवस झाले. मंडळाच्या ग्रुपवर तुमच्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. "शांत, मितभाषी, ऋजू व्यक्तिमत्त्व." मी ते तीनदा वाचलं आणि वर जाऊन खात्री करून घेतली, गेलेत ते आपलेच काका ना. एका बोल्टच्या डोक्यावर मजबुतीच्या तीन रेघा हव्यात की सहा, यावरून माझ्याशी चाळीस मिनिटं भांडणारा माणूस मितभाषी? पण त्या लोकांचीही चूक नाही. त्यांनी तुम्हाला हॉस्पिटलात पाहिलं आणि सत्यनारायणाला पाहिलं. दोन्ही ठिकाणी तुमच्यासमोरची माणसं झोपलेली असायची. गॅरेजमध्ये फक्त मी पाहिलं.

तुम्ही मला कसं पकडलंत ते आठवतं? गणपतीच्या कार्यक्रमात मी सूत्रसंचालन करत होतो, म्हणजे माइक सोडत नव्हतो. खाली उतरलो तर तुम्ही समोर उभे.

"तुला पाना धरता येतो का रे?"

"कुठला?"

"कुठलाही."

"येतो की," मी ठोकून दिलं. माझा आणि पान्याचा तोवर संबंध नव्हता. नागपूरला आमच्या घरी नळ गळायला लागला की वडील आधी ज्योतिषाला आणि मग प्लंबरला फोन करायचे.

"मग शनिवारी सकाळी आठला ये. शर्यतीची जुनी गाडी आहे, परत उभी करायचीय."

शर्यतीची गाडी! आठवडाभर मी ऑफिसातल्या मीटिंगांमध्ये एक लालभडक, जमिनीला टेकलेली, दोन दारांची वाघीण डोळ्यांसमोर आणत होतो. शनिवारी तुम्ही गॅरेजचं दार वर केलंत, चादर ओढलीत, आणि खाली निघाली एक लांबलचक, पोपटी रंगाची, बाजूंना लाकडासारखे स्टिकर चिकटवलेली फॅमिली स्टेशनवॅगन. मागच्या सीटमध्ये उंदरांनी तीन पिढ्या वाढवलेल्या.

"ही?" मी म्हणालो.

"ही."

"काका, ही शर्यतीला कशाला जाईल? ही पिकनिकला जाईल."

"गिऱ्या, ही दोन्हीकडे जायची. तेच तर आहे!"

आणि मग तुम्ही उंदराच्या घरट्याशेजारी बसून मला मिशिगन सांगितलंत. तुम्ही तिथे शिकाऊ डॉक्टर होतात, पहिला हिवाळा होता, सांगलीहून आणलेला कोट त्या थंडीपुढे रुमालासारखा वाटत होता. हॉस्पिटलच्या बॉयलरवर काम करणाऱ्या माणसाला तुमची दया आली. त्याने तुम्हाला स्वतःचा लाल-काळ्या चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट दिला आणि बर्फ वितळल्यावर एका रविवारी शर्यत बघायला नेलं. सरळ रस्ता, पाव मैल, दोन गाड्या शेजारी शेजारी, दिवा हिरवा झाला की सुटायचं. तुम्हाला वाटलं होतं रॉकेटं असतील. आणि रांगेत उभ्या होत्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या. कंपनीने जशी बनवली तशीच गाडी पळवायची, आत काही बदलायचं नाही, हा त्या वर्गाचा नियम. सकाळी जिच्यातून बायकामुलांना चर्चला नेलं, तीच दुपारी पळवायची. बॉयलरवाल्याची पोपटी वॅगन होती. मागच्या सीटवर मुलाचं खेळणं तसंच पडलेलं होतं आणि तो माणूस जिंकला.

"तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, या देशात मी राहू शकेन," तुम्ही म्हणालात. मी हसलो. तुम्ही नाही हसलात. त्यामुळे मी दुसऱ्या शनिवारीही आलो.

ही वॅगन त्याची नव्हती. पण त्याच साच्यातली, त्याच रंगाची, ओक्लाहोमातल्या एका गोठ्यात सापडलेली, कोण्या वेगळ्याच माणसाने एकेकाळी त्याच वर्गात पळवलेली. तुम्ही अकरा वर्षं तिच्यामागे होतात, आणि त्यातली पहिली चार मी शिकण्यात घालवली.

तुमच्या शिकवण्याची पद्धत सांगतो, कारण पुढे ती उपयोगी पडणार आहे. तुम्ही जन्मभर लोकांना भूल दिलीत आणि गॅरेजला ऑपरेशन थिएटरच समजत राहिलात. कामाला लागण्यापूर्वी टेबलावर हिरवं कापड पसरायचं. त्यावर सतरा पाने, लहान ते मोठे, एका ओळीत. काम संपलं की मोजणी. सतरा आत, सतरा बाहेर. सतरा झाल्याशिवाय ना दार खाली येणार, ना कोणी जेवायला जाणार. एकदा सोळा भरले. अर्ध्या इंचाचा पाना गायब. तुम्ही पांढरे पडलात. इंजिनात राहिला असणार म्हणून नुकतंच बंद केलेलं सगळं पुन्हा उघडलं. नवं गॅस्केट फाटलं. दोन तास गेले. काकू दोनदा येऊन "आमटी आटली" म्हणून गेल्या. आणि मग मी घाम पुसायला रुमाल काढला, तर रुमालाबरोबर पाना आला.

तुम्ही पाना माझ्या हातातून घेतलात. नुसते त्या पान्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "तू सर्जन झाला नाहीस, हे मानवजातीवर उपकार आहेत." आणि पुढची सगळी वर्षं मोजणीआधी माझे खिसे तपासलेत.

गाडी सुरू करतानाही तेच. किल्ली फिरवण्याआधी डॅशबोर्डवर तळवा ठेवून, पेशंटला सांगावं तसं सांगायचात, "हं, घाबरायचं नाही. दहापासून उलटे आकडे म्हणायचे." मग दोघे मिळून म्हणायचो. दहा, नऊ, आठ. पेशंट सातला झोपतो. आपली गाडी पहिल्यांदा चारला जागी झाली. तिने धुराचा असा काही ढग सोडला की समोरची मिसेस हार्पर पाण्याचा पाइप घेऊन धावत आली. तुम्ही त्या धुरात उभे राहून टाळ्या वाजवत होतात. मितभाषी!

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. पहिल्या वर्षी माझं ऑफिसात बरं चाललं नव्हतं. माझ्याच टीममधल्या सगळ्यांना काढलं होतं आणि मला ठेवलं होतं, आणि ते ठेवणं काढण्यापेक्षा जड जात होतं. मी माइकवर जेवढा बडबडत होतो तेवढाच घरी गप्प होतो. मेघना म्हणायची, स्टेजवरचा नवरा घरी का नाही येत? शनिवारी तुमच्याकडे आलो की तुम्ही हातात खरवडायचा ब्रश द्यायचात आणि म्हणायचात, हा भाग चमकेपर्यंत बोलायचं नाही. काय झालंय, हे एकदाही विचारलं नाहीत. तुम्हाला ते कळलं होतं, की नुसता भाग चमकायला हवा होता, हे मला आजही माहीत नाही. काहीही असलं तरी आभार. भाग चमकला.

असो. आता मुद्द्यावर येतो. पाटा.

शर्यतीत त्या वर्गाच्या प्रत्येक गाडीचं चालकासकट किमान वजन ठरलेलं असतं. कमी भरलं तर बाद. आणि तुम्ही, काका, हेल्मेट घालूनही साठ किलो. पहिल्याच वेळी काट्यावर गाडी कमी भरली. तो दाढीवाला तपासनीस डेल म्हणाला, "डॉक, एक तर रोज बर्गर खा, नाही तर मागे काहीतरी जड बसवून आण. पण सुटं नको. पक्कं बसवलेलं हवं."

कोणीही सुज्ञ माणूस लोखंडाची लादी आणतो. तुम्ही घरात एक फेरी मारलीत. मराठी घरात शोधलं की जड म्हणून एकच वस्तू सापडते. ओट्याखाली, भिंतीला टेकवून, काकूंच्या आईचा पाटा-वरवंटा. वॅगनच्या मागच्या फळीखाली स्टेपनीची जी खोलगट जागा असते, तिथे तो असा बसला की जणू कंपनीने त्याच्यासाठीच ती सोडली होती.

काकूंना विचारलं नाहीत. ही तुमची चूक, आणि ती मी तुमच्या तोंडावर म्हटली होती, म्हणून आता पाठीमागेही म्हणतो.

होळीच्या दिवशी सकाळी आपण दोघं कार्बोरेटर पुसत होतो. काकू गॅरेजच्या दारात आल्या, हाताला पुरण लागलेलं.

"अहो, पाटा कुठाय?"

"कसला पाटा?"

"पाटा! पाटा माहीत नाही? पुरण वाटायचंय मला."

तुम्ही घसा खाकरलात. "गाडीत आहे."

"कुठल्या गाडीत?"

"ह्या."

"मग काढा."

"तसा नाही निघायचा तो. बोल्ट मारलेत."

काकूंनी हाताला लागलेलं पुरण पुसलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "माझ्या आईच्या पाट्याला भोकं पाडलीत?"

तुम्ही तोंड उघडलंत. मी शेजारीच होतो, मी पाहिलं, तुम्ही सांगणार होतात. पण काकूंनी वाट पाहिली नाही. "गिरीश, तू साक्षीला आहेस. या गाडीजवळ मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही." आणि गेल्या. तुम्ही उघडलेलं तोंड मिटलंत.

"अहो, सांगा ना जाऊन!" मी म्हणालो.

"का म्हणून? हा पाटा सांगलीहून मुंबई आणि मुंबईहून इथे कोणी आणला? मी. मांडीवर घेऊन. कस्टमवाल्याने विचारलं हे काय, मी म्हटलं किचन अप्लायन्स. तो म्हणतो, वायर कुठाय! तो पाटा मी ड्रिलखाली धरीन, असं हिला वाटलंच कसं? चाळीस वर्षांनी?"

"मग?"

"मग काही नाही. तिने यावं, फळी उचलावी, बघावं. मी सांगणार नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. ठेव हात."

आणि मी गाढवासारखा इंजिनावर हात ठेवला. गरम होतं ते.

कारण पाट्याला भोक नव्हतंच. एकही नाही. तुम्ही दोन शनिवार खपून लोखंडी पट्ट्यांची चौकट केली होतीत. बोल्ट होते ते चौकटीचे, गाडीच्या तळाला. पाटा त्या चौकटीत बाळासारखा निजला होता, वरून दोन पट्टे, आणि लोखंड दगडाला घासू नये म्हणून मध्ये कापडाच्या जाड घड्या. शेजारी वरवंट्याला वेगळी कोनाड्याएवढी जागा. आणि ते कापड कुठलं होतं, तर लाल-काळ्या चौकड्यांचं. बॉयलरवाल्याचा शर्ट. तो तुम्ही स्वतः कात्रीने कापलात. मी म्हटलं, काका, जुना टॉवेल घ्या की. तुम्ही म्हणालात, टॉवेल पातळ आहे.

शर्ट कुठे गेला म्हणून काकूंनी विचारलं तेव्हा लाँड्रीत हरवला म्हणून सांगितलंत. त्या दुकानावर काकू अजून जात नाहीत.

सात वर्षं, काका! सात वर्षं दर पुरणपोळीला काकू मला वाढताना म्हणायच्या, "मिक्सरमधलं आहे रे. आमचा पाटा शर्यतीला गेलाय." आणि तुम्ही ताटाकडे बघून म्हणायचात, "ज्याला बघायचंय त्याने बघावं." मी दोघांच्या मध्ये बसून तूप मागायचो. तुमचं बाकी सगळं छान चाललेलं. सकाळचा चहा एकत्र, कोडी एकत्र, लेक अदितीला फोन एकत्र. फक्त गॅरेजच्या उंबऱ्यावर एक अदृश्य भिंत. तुम्ही शर्यतीहून आलात की काकू विचारायच्या, "काय झालं?" तुम्ही म्हणायचात, "हरलो." त्या म्हणायच्या, "जेवून घ्या." तुम्ही जिंकलात त्या दोन वेळांनाही हाच क्रम होता.

आणि मग तुम्ही न विचारता निघून गेलात. हीसुद्धा तुमची जुनी सवय.

दहाव्या दिवशी काकूंनी मला बोलावलं. शांत होत्या. म्हणाल्या, "ओक्लाहोमात एक छोटं म्युझियम आहे, जुन्या शर्यतीच्या गाड्यांचं. अदितीने बोलणं केलंय. त्यांना देऊन टाकतेय. नीट सांभाळतील. सोमवारी, त्या पुढच्या, ट्रेलर येईल."

"छान," मी म्हणालो. मग माझ्या लक्षात आलं. "काकू, आणि पाटा?"

"जाऊ दे त्याच्याबरोबर. भोकं पडलेला पाटा घेऊन मी काय करू?"

घरी आलो तेव्हा मला धड बसवेना. तो ट्रेलर गेला की तुमचं भांडण कायमचं काकूंच्या बाजूने सुटणार होतं, आणि चुकीचं सुटणार होतं. उरलेला जन्म त्यांनी असं समजून काढायचा की आपल्या नवऱ्याने आपल्या आईच्या पाट्यावर ड्रिल चालवलं.

"सरळ सांगून टाक ना!" मेघना म्हणाली.

"शपथ आहे."

"कोणाची?"

"इंजिनाची."

माझ्या मुलीने फोनमधून डोकं वर केलं. "डॅड, दॅट इज सो डम्ब." आणि डोकं परत खाली.

तिचं बरोबर होतं. पण काका, मी तुम्हाला ओळखतो. मी सांगितलं असतं तर काकूंनी विश्वास ठेवला असता, आणि तुम्हाला ते चाललं नसतं. तुम्हाला त्यांनी बघायला हवं होतं. स्वतःहून, हाताने फळी उचलून. म्हणून मी शपथेचं कलम नीट वाचलं. सांगायचं नाही, एवढंच तिच्यात होतं. बघायला लावायचं नाही, असं कुठेही नव्हतं. तुम्ही वकील ठेवायला हवा होतात.

शनिवारच्या शर्यतीत तुम्ही नाव घालून ठेवलेलंच होतं. मी काकूंना म्हटलं, ट्रेलर यायच्या आधी एकदा पळवू. काकांच्या नावावर शेवटची. आता मालक तुम्ही, त्यामुळे काट्यावर सही तुमची लागेल. हे साठ टक्के खरं होतं.

काकू आल्या. पायात स्पोर्ट्स शूज, मांडीवर दशम्यांचा डबा, पण बसल्या माझ्या गाडीत, मेघनाशेजारी. वॅगन मी एकट्याने चालवत नेली. मैदानावर पोचल्यावर त्यांनी घडीची खुर्ची उघडली आणि वॅगनकडे पाठ करून बसल्या.

डेलने टोपी काढली. "मॅम, डॉकबद्दल ऐकलं. इथे रांगेतल्या सगळ्यांना त्याने कधी ना कधी चूक दाखवलीय. आता आम्हाला कोण सुधारणार?" काकू हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मी पाहिलं.

मग मी काट्यावर चढलो, म्हणजे गाडीसकट. डेलने आकडा बघितला, माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाला, "मित्रा, तुला मागच्या वजनाची काही गरज नाही. हवं तर काढून टाक."

हा क्षण मी आठवडाभर मनात घोळवला होता. मी मोठ्याने, नाटकी आवाजात म्हणालो, "काकू! वजन काढायचंय म्हणे! जरा बॅटरी धरता?"

"मेघना धरेल," काकू म्हणाल्या. मान वळवलीही नाही.

माझी पहिली योजना अशी पडली. पाटा राहिला आत. मी गेलो रांगेत.

मागच्या काचेवर पांढऱ्या शू-पॉलिशने आकडा लिहायचा होता. आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत जाईल ते आपणच आधी लिहायचं, आणि त्याहून जोरात गेलं की बाद. पहिल्या वर्षी मी तुम्हाला म्हटलं होतं, ही कसली शर्यत, जोरात गेल्याबद्दल शिक्षा? तुम्ही म्हणालात, "आपल्याला किती येतं ते आधी सांगायचं आणि तेवढंच करून दाखवायचं. करून बघ. महाकठीण आहे." तुमच्या वहीत शेवटचा आकडा होता चौदा पूर्णांक साठ. मी माझ्या वजनाचे दहा शतांश घातले आणि लिहिलं, चौदा सत्तर. माझं अक्षर तिरकं आलं. तुम्ही पुसायला लावलं असतंत.

शेजारी एक निळी गाडी. समोर दिव्यांचा खांब. मी डॅशबोर्डवर तळवा ठेवला. "घाबरायचं नाही," मी म्हणालो, आणि ते गाडीला नव्हतं. दहा. नऊ. आठ. तुम्ही हे आकडे रांगेत असताना म्हणायचात आणि एक म्हणताना दिव्यासमोर यायचात. मी दिव्यासमोर येऊन सुरुवात केली. सहावर होतो तेव्हा निळी गाडी केव्हाच गेलेली होती आणि मागून कोणीतरी हॉर्न वाजवला.

मग मी सुटलो. काका, ती पोपटी म्हैस जमीन सोडते की काय वाटलं! स्टिअरिंग थरथरतंय, खिडक्या वाजतायत, पाठीमागे तुमचा पाटा आणि शर्ट, आणि मी मोठमोठ्याने ओरडतोय, काय ओरडतोय मला माहीत नाही. वेळेचा कागद हातात आला; वेळ मोजतात ती गाडी हलल्यापासून. चौदा पूर्णांक एकाहत्तर. सांगितलं त्याच्यापासून एक शतांश! गाडी शब्दाला जागली. हरलो मी माझ्या झोपेमुळे. तुम्ही भूल उत्तम दिलीत, एवढंच म्हणेन.

परत आलो तेव्हा काकूंनी विचारलं, "काय झालं?"

"हरलो."

"जेवून घे," त्या म्हणाल्या. दशमी माझ्या हातात देऊन त्यांनी चष्मा पुसला. मग आम्ही तिघांनी दशम्या खाल्ल्या. छान झाल्या होत्या. ऊन छान होतं. तुम्ही नव्हतात, आणि तरी तो एक चांगला दिवस होता. हे लिहिताना मला जरा अपराधी वाटतंय, पण तुम्हाला खोटं आवडायचं नाही.

दुपारी आवरायला लागलो. मी बोनेटवर हिरवं कापड पसरलं.

काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मोजणी केलीस?"

"करतोय." मी मोठ्याने मोजलं. चौदा, पंधरा, सोळा. थांबलो.

खुर्ची करकरली. "पुन्हा मोज."

"सोळाच आहेत काकू. अर्ध्या इंचाचा नाहीये."

"खिसे बघ तुझे!"

मी सगळे खिसे बाहेर काढून, हात पसरून, गोल फिरून दाखवलं. मेघना माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती त्यावरून तिला कळलेलं होतं. काकूंना नाही. काकू उठल्या. सात वर्षं न ओलांडलेली ती दहा पावलं त्यांनी अशी ओलांडली की त्यांना कळलंही नाही, कारण पाना हरवला होता आणि सतरा झाल्याशिवाय आमच्याकडे कोणी घरी जात नाही. त्यांनी बोनेट बघितलं. सीटखाली बघितलं. माझ्या नावाने दोनदा कपाळाला हात लावला. "हे असते तर तुला सोडलं नसतं यांनी." मग मागचं दार उघडलं.

"या फळीखाली काय आहे?"

मी उत्तर दिलं नाही. काका, साक्षीदार आहेत. मी एक शब्द बोललो नाही.

काकूंनी फळी उचलली.

पाना होता. पाट्याच्या बरोबर मधोमध, जेवणानंतर मी गुपचूप ठेवला होता तसाच. काकूंनी तो बाजूला केला आणि मग त्यांचा हात तिथेच राहिला. पट्टे सोडले. पाट्यावरून तळवा फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, दगडाला लावलेल्या टाकीचे ठोके बोटांनी चाचपत. चारही कोपरे. मग खालून. एकही भोक नाही. वरवंटा त्याच्या कोनाड्यातून काढला, बघितला, परत ठेवला. मग त्यांनी कापडाची घडी उलगडली, आणि तिच्यातून चौकड्यांची एक बाही बाहेर आली, अजून बटणासकट.

डेल जवळ येऊन उभा होता, टोपी हातात. "इतक्या वर्षांत असं जपून बसवलेलं वजन मी पाहिलं नाही," तो हळूच म्हणाला.  शेजारच्या धावपट्टीवर दोन गाड्या सुटल्या, मैदान हादरलं, आणि तो सगळा आवाज विरायच्या आत काकूंनी ती बाही घट्ट मुठीत धरून, वर आभाळाकडेही न बघता, थेट त्या ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून विचारलं:

"अहो, सात वर्षं! तोंड शिवलं होतं का तुमचं?"